तात्यांच्या पोटावरची वाटी

आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्याकडं कुणी बघत नसे. गुऱ्हाळाचं इंजिन सुरू झालं की दिवस उगवला आणि बंद झालं की मावळला, एवढं साधं होतं सगळं. वरवंडच्या शिवारात, हमरस्त्यापासून आत, उसाच्या फडांमध्ये आमची वस्ती. घर आणि गुऱ्हाळ यांच्यात एक लिंब आणि एक गोठा, एवढंच अंतर. इंजिनाचा ठोका भिंतीतून घरात यायचा, जमिनीतून तळपायात यायचा. मांडणीवरची ताटं दिवसभर बारीक किणकिणत असायची आणि माठातल्या पाण्यावर सतत गोल गोल वळ्या उठायच्या. पाहुण्यांना या आवाजात झोप लागत नसे, आम्हाला त्याच्याशिवाय लागत नसे. तात्या तर जेवता जेवता घास हातात धरून थांबायचे. "ठोका चुकला," म्हणायचे आणि तसेच खरकट्या हातानं उठून गुऱ्हाळाकडं जायचे. आम्हाला काही ऐकू आलेलं नसायचं. पाच मिनिटांत इंजिन बंद पडल्याचं कळायचं, म्हणजे तात्यांचं खरं निघायचं.

आता तिथं गुऱ्हाळ नाही. मी पुण्यात मुलीकडं राहते. खालच्या चौकात कुणाची वरात आली आणि त्या मोठमोठ्या पेट्यांमधून धाड धाड सुरू झालं, की माझ्या छातीच्या पिंजऱ्यात काहीतरी धरून हलवल्यासारखं होतं. मी उठून खिडकी लावून घेते. नातू म्हणतो, आजीला गाणी आवडत नाहीत. म्हणू दे बापडा. गाण्यांशी माझं काही वाकडं नाही. मला कुठलीही गोष्ट ठरलेल्या तालात धडधडायला लागली की भीती वाटते, आणि ही भीती एका शब्दापासून सुरू झाली. तो शब्द मी नववीत असताना शिकले. पुढं अख्खी नोकरी मी दवाखान्यात काढली, जिथं तो रोज लागतो, तरी मी तो तोंडानं उच्चारायचं टाळत आले. लिहायला मात्र हरकत नाही.

आधी तात्यांबद्दल सांगते. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. माझे वडील दौंडला रेल्वेत, आठवड्यातून एकदा ग्रीसचा वास घेऊन घरी यायचे आणि बहुतेक वेळ झोपायचे. घराचा कारभार तात्यांच्या हातात. माणूस आडवा-उभा दणकट, आवाज इंजिनाच्या वर चढेल असा, आणि काकवीचं वेड. दुपारची भाकरी झाली की लिंबाखालच्या बाजेवर उताणे पडायचे, पैरण वर सारून पोट मोकळं करायचे आणि पोटावर काकवीची पितळी वाटी ठेवून बोट बुडवून बुडवून चाटायचे. काकू ओरडायच्या, "आवं, जरा मानसावानी ताटात घ्या की!" तात्या म्हणायचे, "ह्ये माझं ताटच हाय. लांब कशाला जायाचं?" मला हायस्कुलात घातलं ते त्यांनी. वडील का-कू करत होते, पोरीला सातवी बास झाली म्हणत होते. तात्यांनी एका वाक्यात निकाल लावला, "ही पोरगी विंग्रजी बोलनार. मला घरात एक तरी मानूस पायजे, जे बोललं की मला कळनार न्हाई."

माझी आई शिरूरची, घोडनदीच्या काठची. गोरीपान, बारीक, कमी बोलणारी. पण आजूबाजूच्या पाच-सहा गावांत तिला सगळे ओळखायचे ते तिच्या हातांच्या दोन्ही अंगठ्यांमुळं. आई बेंबी बसवायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जड ओझं उचललं, पाय घसरला, की बेंबी सरकते अशी आमच्याकडं समजूत. मग पोट दुखतं, अन्न जिरत नाही, अंगात कळा येतात. बेंबीवर अंगठा दाबला की आत काहीतरी उडतं, नाडीसारखं. ते बरोबर मध्यावर उडत असेल तर ठीक. बाजूला उडत असेल तर बेंबी सरकली. आई माणसाला उपाशीपोटी उताणं निजवायची, दोन्ही पायांचे अंगठे जुळवून बघायची, एक आखूड भरला की मान हलवायची. मग एरंडेल लावून अंगठ्यानं ते उडणं धरायची आणि दाबत दाबत मध्यावर आणायची. तीन सकाळी असं केलं की माणूस बरा. लोक बरे व्हायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वरवंडच्या डॉक्टरचा कंपौंडर स्वतः सायकलवरून आईकडं यायचा आणि जाताना म्हणायचा, "आक्का, आमच्या सायबाला सांगू नका बरं का." ही विद्या आईनं तिच्या आत्याकडून घेतली होती आणि मला देत होती. माझ्या हातात जाण आहे, असं ती म्हणायची. मी बायकांची आणि पोरांची बेंबी बसवून दिली होती. त्याचा मला फार अभिमान होता.

आमचे इंग्रजीचे सर बदली होऊन नवीन आले होते. तळमळीचा माणूस, उगाच कशाला नावं ठेवू. ते रोज फळ्यावर एक शब्द लिहायचे, उच्चार घटवून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याचं एक वाक्य आणायला सांगायचे. अट अशी, की वाक्य गाइडातलं चालणार नाही. "तुमच्या घरात, तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं आणा," म्हणायचे. एक दिवस त्यांनी लिहिलं, पल्सेट. शेजारी मराठीत लिहिलं, स्पंदन पावणे. आमच्या वस्तीवर आजवर कुणी स्पंदन पावल्याचं ऐकिवात नव्हतं, तेव्हा वर्ग गप्प. मग सरांनी हाताची मूठ करून दाखवली. मूठ उघडायची, मिटायची, उघडायची. "नुसतं हलणं नव्हे," ते म्हणाले. "पान हलतं, त्याला हा शब्द नाही. फुगायचं, आकसायचं, पुन्हा फुगायचं, आणि ते ठरलेल्या तालात. थांबायचं नाही." ते 'थांबायचं नाही' त्यांनी दोनदा म्हटलं.

संध्याकाळी आई चुलीपुढं हुलग्याच्या शेंगोळ्या वळत होती. मी तिला मूठ उघडून मिटून दाखवली आणि विचारलं, याला आपल्यात काय म्हणतात? आईनं पीठ वळायचं न थांबवता सांगून टाकलं, "कशाचं त्ये सांग की. जखम आसंल तर ठसठसती. डोकं आसंल तर ठनकतं. छाती धडधडती. पापनी लवती. तान्ह्याची टाळू उडती, नाडी उडती." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "एवढ्या समद्याला त्यांच्यात येकच शब्द?"

"असेल आणखी एखादा. सरांनी एकच दिलाय."

"गरीब हायेत बिचारे," आई म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. आईला हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही. म्हणून ती संध्याकाळ, तो हुलग्याचा खमंग वास आणि मांडणीवर थरथरणारी ताटं हे सगळं अजून जागच्या जागी आहे.

वर्गातली सगळी पोरं छातीचं वाक्य आणणार हे मला माहीत होतं. मला आपलं वेगळं हवं होतं. दुसऱ्या दिवशी शाळा दुपारची होती. मी सकाळभर बेडकाचा गळा बघितला, शेजारच्या बाळाची टाळू बघितली. जेवणं लवकर झाली. तात्या बाजेवर पडले, पोटावर वाटी ठेवली आणि बोट तोंडात घालून डोळे मिटून घेतले. ऊस यायचा होता म्हणून इंजिन बंद होतं. सगळं शांत होतं. मी दप्तर भरत जवळच बसले होते आणि माझी नजर वाटीवर गेली. वाटी उडत होती. श्वासाबरोबर पोट वर-खाली होतं, ते निराळं, संथ. हे त्याच्या मध्ये, भरभर, बारीक. काकवीच्या तुकतुकीत पाठीवर दर ठोक्याला एक वळी उठायची, कडेला जाऊन मिटायची, की लगेच दुसरी. मी माझ्या मनगटावर बोटं ठेवून बघितलं. तसाच ताल. मला इतका आनंद झाला, की मी तिथंच वही काढून वाक्य लिहिलं. माझ्या घरातलं, माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. तात्याज स्टमक पल्सेट्स.

सरांनी वाक्य मोठ्यानं वाचलं. वर्ग खदखदला. मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "हिच्या चुलत्याच्या पोटात इंजान हाय!" सरही हसले, आणि मग लाल शाईनं त्यांनी माझ्या वाक्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काट मारली. खाली लिहिलं, हार्ट पल्सेट्स. स्टमक डज नॉट. मी सांगायचा प्रयत्न केला की सर, वाटी होती, मी पाहिली. सर म्हणाले, "श्वासानं हलली असेल. हलणं आणि पल्सेट होणं यात फरक आहे, कालच सांगितलं ना?" मी खाली बसले. ते योग्य वाक्य मी पाच वेळा लिहून काढलं आणि वाटी मनातून काढून टाकली.

दोन-चार दिवसांनी तात्यांनी स्वतःच विचारलं. रोज संध्याकाळी नवा शब्द विचारायची त्यांना सवय होती. मी पल्सेट सांगितला, मूठ करून दाखवली. "म्हंजी आपलं इंजान," ते म्हणाले. मग थोडं थांबून, पोटावर हात ठेवून म्हणाले, "शालू, माझं प्वाट बी तसंच करतंय बघ. पडलो की उडतंय. लई दिस झालं. हात लाव, बघ."

मी हात लावला नाही. मी शहाणपणानं म्हटलं, "पोट पल्सेट होत नसतं तात्या. छाती होते. सर म्हणाले."

"आस्सं?" तात्या म्हणाले. "मग सरांचं बराबर आसंल. शिकल्याला मानूस." आणि पैरण खाली ओढून ते गुऱ्हाळाकडं गेले.

त्यानंतर महिनाभरात मंगलचं ठरत आलं. मंगल तात्यांची मुलगी, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. स्थळ शिरूरचं होतं, माझ्या आजोळच्या गल्लीतलं. रविवारी तात्यांनी शिरूरला जाऊन सुपारी फोडायची असं ठरलं. त्याच आठवड्यात गुऱ्हाळावर गुळाची काहील, ती थोरली कढई, चुलाणावरून उतरवताना एक माणूस कमी पडला, तात्यांनी कड धरली, आणि तेव्हापासून त्यांच्या पोटात आणि पाठीत कळा यायला लागल्या. काकवी सुटली. भाकरी अर्धीच जायची. बाजेवर पडले की कूस बदलत राहायचे. काकूंनी लगेच ओळखलं, बेंबी सरकली. घरातच गुण असताना डॉक्टरकडं जायचा प्रश्नच आला नाही. तात्याच म्हणाले, "डाक्तरचा मानूस हितं येतो, आन् मी तिकडं जाऊ?"

पण एक अडचण होती. आई धाकट्या भावाची बायको. आमच्यात धाकटी जाऊ थोरल्या दिरासमोर उघड्या डोक्यानं येत नाही, त्यांच्या बाजेला टेकत नाही, आणि अंगाला हात लावण्याची तर गोष्टच नको. बावीस वर्षं आई त्यांना वाढत आली होती, ती ताट जमिनीवर ठेवून मागं सरून. तात्यांशी ती थेट बोललेलीही मला आठवत नाही, काकूंच्या किंवा माझ्या तोंडून बोलायची. तेव्हा ठरलं, की बेंबी शालू बसवेल आणि आई दाराआडून सांगेल. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. उलट तात्यांना कौतुक वाटलं, "बघ, चौदा वर्साची डाक्तरीन!"

शुक्रवारी सकाळी तात्या सोप्यात घोंगडीवर उताणे निजले. आई आतल्या दाराच्या चौकटीमागं उभी, पदर कपाळापर्यंत, मला फक्त तिचा हात आणि हिरव्या बांगड्या दिसत होत्या. मी पाय जुळवले. डावा आखूड भरला. बेंबीवर अंगठा ठेवला. मध्यावर फारसं काही नाही, पण डावीकडं सरकवला आणि दचकलेच. बायकांच्या पोटात ते उडायचं ते मुगाच्या दाण्याएवढं, शोधावं लागायचं. हे शोधावं लागलं नाही. माझा अंगठा वर उचलला जात होता. चार बोटं ठेवली तर चारही उचलली जात होती.

"आई, लई उडतंय," मी म्हणाले.

"उडनारच. सरकल्यावर उडतंच. कुटं हाय?"

"डाव्या अंगाला. मोठंय, आई."

चौकटीमागं बांगड्या वाजल्या. मग आई म्हणाली, "मोठं म्हंजी?"

मला सांगता आलं नाही. मोठं म्हणजे मोठं. माझ्याकडं शब्द होता, पण तो तिथं चालत नाही असं मला शिकवलेलं होतं. मी म्हणाले, "जोरात आहे." आई म्हणाली, "मानूस दनकट हाय, नाडी बी दनकट आसनार. हळू दाब. मधल्या अंगाला ने." मी नेलं. पहिल्या दोन सकाळी हळूच दाबलं. तात्यांना बरं वाटलं, निदान ते तसं म्हणाले. गूळ-खोबरं खाऊन उठले. काकूंनी माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मला मात्र दोन्ही दिवस शाळेत बसल्या बसल्या अंगठ्याखाली ते लागत राहिलं.

रविवारी सकाळी नऊची एसटी धरायची होती. कळ परत आली होती, आणि पाहुण्यांच्या दारात वाकून बसायचं नाही असा तात्यांचा हट्ट. "आज काय ती कसर ठिवू नको," ते मला म्हणाले. आई चौकटीमागून म्हणाली, "पार खाली जाऊ दे अंगठा. धर आन् सोडू नको." मी गुडघ्यावर उभी राहिले, दोन्ही अंगठे एकावर एक ठेवले आणि सगळा भार दिला. तात्यांचे दात दिसले. घाम आला त्यांना. माझ्या अंगठ्यांखाली ते उडत होतं, उडत होतं, आणि मग काहीतरी मऊ झालं. उडणं उरलंच नाही. मला वाटलं, जमलं. मी आनंदानं ओरडले, "आई, उडायचं थांबलं!"

आईचा बांगड्यांचा हात चौकटीवर होता तो तसाच राहिला. मी पुन्हा म्हणाले, "थांबलं आई, बसली बेंबी." तेव्हा कुठं ती हळूच म्हणाली, "उठू दे त्यास्नी. सावकाश."

तात्या उठले. "हलकं वाटतंय," म्हणाले. कोरं धोतर, पांढरी टोपी, उपरणं. मला त्यांनी बरोबर घेतलं, आजोळी एक दिवस राहायला, आणि आणखी एका कामासाठी. "पाव्हन्यांपुढं दोन-चार विंग्रजी शब्द टाक. मुलीची भन अशी, तर मुलगी कशी आसंल, म्हनतील." चौफुल्यावर आम्ही शिरूरची गाडी धरली. गाडीत मी खिडकीशी, तात्या शेजारी. केडगाव मागं पडेपर्यंत ते बोलत होते. मग म्हणाले, "पाठीत चमक भरलीय गं," आणि पुढच्या बाकाचा दांडा धरून बसले. गाडी जुनी होती, एका जागी थांबली की इंजिनाच्या धडधडीनं काचा, दांडे, माझे दात, सगळं हलायचं. मी तात्यांच्या मानेकडं बघत होते. शीर उडत होती, पण फार भरभर, आणि बारीक होत चालली होती. चेहरा राखेसारखा झाला. न्हावऱ्याला त्यांनी पाणी मागितलं, मी पळत जाऊन आणलं, त्यांना गिळता आलं नाही. कंडक्टर म्हणाला, "उतरता का मामा?" तात्यांनी नको म्हणून मान हलवली. पाहुणे वाट बघत होते ना. शिरूरच्या स्टँडवर गाडी लागली, सगळे उतरले, आणि तात्या उठेनात. त्यांचा हात माझ्या हातात होता. तो गार होता आणि मी घाबरून त्यांच्या मनगटावर अंगठा दाबून बसले होते. मला तिथं ठोके लागत होते. मी कंडक्टरला तेच सांगत होते, की नाडी आहे, नाडी आहे. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, स्टँडवरच संपलंय. हार्ट.

हार्ट पल्सेट्स. मला तेव्हा तेच आठवलं, आणि तात्यांचं वाईट वाटण्याच्या आधी, सांगायला लाज वाटते पण सांगते, मला सुटल्यासारखं झालं. हार्ट म्हणजे छाती. मी तर पोटाला हात लावला होता.

तेरा दिवस इंजिन बंद होतं. माठातलं पाणी अगदी स्थिर. घरात कुणाला झोप नव्हती. मंगलचं लग्न वर्षानं दुसरीकडं झालं. आईनं त्या दिवसापासून कुणाची बेंबी बसवली नाही. लोक लांबून यायचे, ती ताक द्यायची आणि परत पाठवायची. "हाताची जान गेली," एवढंच सांगायची. लोकांना वाटलं दिराच्या मरणाचा धक्का आहे. मलाही तसंच वाटलं, किंवा मी तसं वाटून घेतलं. पुढं मी नर्सिंगला पुण्यात गेले. पहिल्याच आठवड्यात सिस्टरनं शिकवलं, नाडी अंगठ्यानं बघायची नाही, बोटांनी बघायची. अंगठ्याला स्वतःची नाडी असते, मेलेल्या माणसाच्या हातावर ठेवला तरी उडताना लागतो. म्हणजे शिरूरच्या स्टँडवर मी स्वतःचेच ठोके मोजत होते. ते दुःख होतंच, पण त्यातून मी एक सोय काढली. मग त्या सोप्यातही, तात्यांच्या पोटावरही, माझाच अंगठा उडत असेल. त्या सोयीवर मी बरीच वर्षं काढली. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याला अडवणारं कुणी नसतं.

मग वॉर्डात एक म्हातारा आला. दणकट, शेतकरी, पोट आणि पाठ दुखतेय म्हणून. डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाले, खाली वाका, डोळे पोटाच्या पातळीला आणा. आम्ही वाकलो. बेंबीच्या डाव्या बाजूला कातडी उचलली जात होती. फुगायची, आकसायची. डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला, पोटासाठी. हृदयातून निघालेली मोठी रक्तवाहिनी पोटात फुगली की असं दिसतं, म्हणाले. कुणीही दाबून बघू नका. मी विचारलं, दाबलं तर? ते म्हणाले, फुटायचं असेल तर न दाबताही फुटतं, आज नाहीतर महिन्यानं. कोण सांगणार? पण दाबू नये. मी तिथून निघून कपडे वाळत घालायच्या गच्चीवर गेले. वाटीला कुठं अंगठा होता? वाटी आपली आपण उडत होती.

हे मी आईला सांगितलं नाही. वीस वर्षं नाही, तीस वर्षं नाही. तिच्या अंगठ्यांबद्दल लोक अजून आदरानं बोलायचे, ते कशाला मोडा. आई थकली, ऐंशीच्या पुढं गेली, तेव्हा मी रिटायर होऊन तिच्याजवळ जाऊन राहिले. एका दुपारी ती सोप्यात, त्याच चौकटीला टेकून, घेवडा निवडत होती. मी कांदा चिरत होते. कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, तात्यांची बेंबी सरकली नव्हती."

आईचे हात थांबले नाहीत. "ठावं हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तू म्हनालीस ना, उडायचं थांबलं. तवाच." तिनं एक शेंग मोडली, दाणे सुपात टाकले. "बसवल्याली बेंबी थांबत न्हाई, शालू. मधी येऊन उडती. थांबती ती मानूस गेल्यावर."

माझा कांदा विळीवर तसाच राहिला. मी म्हणाले, अंगठे माझे होते. मी दाबलं. ती एकदम रागानं माझ्याकडं वळली, आयुष्यात क्वचित वळली तशी. "तुला काय कळत व्हतं? तुझं काय वय? मला कळत व्हतं. पैल्याच दिशी तू म्हनालीस मोठं हाय, तवा मी भायेर येऊन निस्ता हात ठिवला आसता, तर मला कळलं आसतं. मोठी बेंबी आसती का कुटं? येक पाऊल व्हतं." तिनं चौकटीच्या उंबऱ्यावर तळहात आपटला. "ह्ये एवढं. पदर सांभाळत बसले."

मग मी तिला वाटीचंही सांगून टाकलं. काकवीवर उठणाऱ्या वळ्या, वर्गातलं हसू, लाल शाई. तात्या हात लाव म्हणाले आणि मी लावला नाही, तेही. आई ऐकत राहिली. घेवडा निवडून झाला होता तरी रिकाम्या सालांमधून तिची बोटं फिरत होती. मग तिनं विचारलं, "काय लिवलं व्हतंस त्ये? विंग्रजीत?"

"जाऊ दे आई."

"म्हन की. मला ऐकायचं हाय."

मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं. तात्याज स्टमक पल्सेट्स.

आईला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. तिनं मान खाली घालून ते पुरं ऐकून घेतलं, सूप बाजूला सारलं आणि म्हणाली, "बराबर व्हतं तुझं."